नाल्याचा चाबीवाला

त्यांनी मला पहिल्यांदा अडवलं त्या दिवशी मी त्यांना नाही नाही ते बोलले होते. श्रावण उतरणीला लागला होता, शाळेची घंटा व्हायला दहा मिनिटं उरली होती आणि उंबरनाल्याच्या रपट्यावरून जेमतेम घोटाभर पाणी वाहत होतं. नाल्याच्या तळातच टाकलेला सिमेंटचा पट्टा, त्याला आमच्याकडे रपटा म्हणतात. मी स्कूटी पाण्यात घालणार तेवढ्यात पलीकडच्या काठावर एक उंच, वाळका म्हातारा लाल झेंडी आडवी धरून उभा राहिला. माझ्याकडे तो पाहतही नव्हता. मी ओरडून सांगितलं की माझी शाळा आहे. त्याने मान हलवली, म्हणजे ऐकू गेलं होतं. झेंडी मात्र तशीच.

माझ्या मागे एक ट्रॅक्टर आला, एक दूधवाला आला. दोघांनी मुकाट्याने गाडी बंद केली. ट्रॅक्टरवाल्याने सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी काढून घोटायला घेतली, जणू फाटकच लागलं होतं. मी नवी, वरूडकडून लग्न होऊन आलेली, मला हा प्रकार काही कळेना. दूधवाल्याने सांगितलं की पाण्याचा रंग बदलला असेल, वरून पूर यायची ती खूण, म्हणून थांबवलंय. तासभर आम्ही तिथे उभे होतो. पाणी घोट्याचं पोटरीपर्यंतही चढलं नाही. मग म्हाताऱ्याने लाल झेंडी गुंडाळली, काखेतली हिरवी काढून दाखवली आणि आम्ही सुटलो. जाता जाता मी तणतणले, की एवढं थांबवलंत, आलं काय? ते शांतपणे म्हणाले, "नाही आलं ना? मंग बेस झालं."

ते रेल्वेत चाबीवाले होते. रोज सकाळी ठरलेल्या हद्दीत रुळांवरून पायी जायचं, एकेक चाबी, म्हणजे रूळ जागेवर धरून ठेवणारी लोखंडी पाचर, आणि एकेक बोल्ट पाहायचा, सैल असेल तो हातोड्याने ठोकून बसवायचा आणि परत यायचं, हे त्यांचं काम. नागपूर-इटारसी लाइनवर तिगावच्या बाजूला त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर लोक खाटेवर बसतात, हे दुसऱ्या दिवसापासून नाल्यावर जाऊ लागले. टेकडीच्या पायथ्याशी जिथे उंबरनाला निघतो तिथून तो जाम नदीला मिळतो तिथपर्यंत, आणि परत. हातात तोच हातोडा, खांद्यावर तीच पिशवी, पिशवीत दोन झेंड्या.

नाल्याला त्यांनी रेल्वेसारखे किलोमीटर पाडले होते. काठाकाठाने दगड रोवून त्यांवर चुन्याने आकडे घातले होते, आधी किलोमीटर, मग त्यातला दगड: एक बटा दोन, एक बटा चार, दोन बटा सहा. पहिल्या वर्षी लोक हसले. तिसऱ्या वर्षी लोक म्हणू लागले की अमक्याची म्हैस दोन बटा चारला बसली आहे. माझी सासू तर आजही पाहुण्यांना आमच्या संत्र्याच्या बगीच्याचा पत्ता 'एक बटा सहाच्या वर' असाच सांगते.

उन्हाळ्यात नाला आटला असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. "नाला लेट चालून राहिला," असं ते म्हणायचे. वर्षभरात कधीही, कोरड्या नाल्यातूनसुद्धा, डावीकडे पाहिल्याशिवाय आणि उजवीकडे पाहिल्याशिवाय त्यांनी रपटा ओलांडला नाही. बरोबर बाराला उंबराखाली डबा उघडायचे, अर्धा खायचे, अर्धा परतीच्या वाटेसाठी ठेवायचे. परतीची वाट घरापर्यंतच होती आणि घरी गरम भाकरी असायची, पण ते ऐकतील तर शपथ. 'अंदाजे' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. कोणी म्हणालं की अंदाजे गुडघाभर पाणी आहे, तर ते विचारायचे, "अंदाजे गाडी जाते का?"

आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "शक आला का झंडी लाल." हे रेल्वेतलं. उभ्या नोकरीत त्यांनी तीन गाड्या थांबवल्या होत्या. गावातली नवी पोरं मोठ्या उत्सुकतेने विचारायची की मग रूळ तुटला होता का? नव्हता. एकदा रुळावर तेलाचा ओघळ होता, तो चिरेसारखा दिसला. एकदा आवाज वेगळा आला, पण काही सापडलं नाही. तिसऱ्यांदा काय झालं होतं ते मला आठवत नाही, पण निघालं काहीच नव्हतं. तिन्ही वेळा साहेब रागावले. हे सगळं ते लाजत सांगत नसत, अभिमानाने सांगत. लोक खो खो हसायचे. मला त्यात काय अभिमान वाटण्यासारखं आहे ते पुष्कळ वर्षं कळलं नाही.

माझं त्यांच्याशी जमलं ते विहिरीमुळे. रपट्याच्या पलीकडे, वस्तीच्या तोंडाशी, नाल्याला लागून एक जुनी बांधीव विहीर आहे. वस्ती बौद्धांची, चाबीवाले काकांचं घर तिथलंच. नळयोजनेचं पाणी उन्हाळ्यात रपट्याच्या अलीकडेच संपतं, त्यामुळे पलीकडच्यांना पिण्याला ती एकच विहीर. ती एका वर्षी माघातच बसली, म्हणजे आटली. माझ्या वर्गातल्या मुली शाळा बुडवून हंडे घेऊन मोहगावच्या रस्त्यावरच्या हातपंपावर जाऊ लागल्या. मी विज्ञान शिकवणारी. फळ्यावर पाण्याचं चक्र काढायचं आणि समोरचे बाक रिकामे, याची मला चीड आली. त्या चिडीतून आम्ही नाला समिती केली. बैठका शाळेच्या व्हरांड्यात घ्यायचो, कारण मंदिराच्या ओट्यावर वस्तीतले बसत नाहीत, विहारात रपट्याच्या अलीकडचे, म्हणजे वरचे, जात नाहीत आणि शाळेत सगळे येतात. अध्यक्ष म्हणून लोकांनी माझ्या सासऱ्यांना नेमलं.

मामाजींबद्दल इथेच सांगते, नाहीतर पुढे गैरसमज होईल. माझे सासरे वाईट माणूस नाहीत. समितीच्या बोरीबंधानाला, म्हणजे नाला अडवायच्या गोण्यांच्या बांधाला, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या त्यांनी दिल्या, ट्रॅक्टर त्यांचा, स्वतः कमरेएवढ्या चिखलात उभं राहून गोण्या रचल्या. संत्रा छाटणाऱ्यांचा सडका माल नाल्यात पडायचा, तो त्यांनी एका दमात बंद करवला. फक्त त्यांचा जीव बगीच्यात होता. झाडांना ते 'पोरं' म्हणत आणि माझ्या नवऱ्याला, जो नागपूरला नोकरी करतो, 'तुमचा मालक'.

समितीत मोजमापाचं काम चाबीवाले काकांकडे आणि लिहायचं माझ्याकडे. विहिरीत दोरीला बोल्ट बांधून सोडायचा, पाण्याला लागला की 'टप' ऐकायचं, दोरीच्या गाठी मोजायच्या. विहिरीच्या बांधकामात त्यांनी रुळाचा एक खिळा ठोकला होता. पाणी खिळ्याला टेकलं की ठीक, खाली गेलं की काळजी. तो खिळा त्यांनी भंगारवाल्याकडून विकत घेतला होता आणि रेल्वेचा माल चोरला असं कोणी म्हणू नये म्हणून त्याची पावती पिशवीत ठेवली होती. नाल्याचा वेग मोजायचा तो संत्र्याने. दोन दगडांमधलं अंतर ठरलेलं. वरच्या दगडाशी गळलेलं संत्रं पाण्यात सोडायचं आणि खालच्या दगडाशी ते यायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहायचं. संत्रं अर्धं बुडून वाहतं, वाऱ्याने भरकटत नाही. लोक म्हणायचे, म्हातारा नाल्याला संत्री चारून राहिला. एकदा मी चांगलं, पिकलेलं संत्रं दिलं तर त्यांनी ते सोलून खाल्लं आणि मला गळलेलं आणायला पिटाळलं.

बंधान झालं, चर खणले, तरी पुढची दोन्ही वर्षं विहीर बसलीच. मग गावात जे व्हायचं तेच सुरू झालं. नाला कोण पितो? वरचे म्हणत, वस्तीतल्या प्रल्हादने नवा बोअर मारला तेव्हापासून. प्रल्हादचा दीड एकराचा बगीचा, पहिलीच लावण, बोअरही नवा, त्यामुळे नाव घ्यायला सोपा. वस्तीतले म्हणत, वरचे एवढे बोअर आहेत त्यांचं काय? बैठकीत लोक खुर्च्या सरकवून बसायला लागले. ट्रॅक्टर देणारे ट्रॅक्टर देईनात.

आणि अशात पौषात काकांना एक गोष्ट दिसली, जी आम्ही संत्रेवाले पिढ्यानपिढ्या करतो आणि कधी पाहिली नव्हती. संत्र्याला बहार यावा म्हणून थंडीत आम्ही झाडांना ताण देतो. महिना-सव्वा महिना पाणी तोडतो. पानं माना टाकतात, झाड घाबरतं, आणि मग पाणी दिलं की फुलतं. म्हणजे त्या महिन्यात गावातले सगळे बोअर एकदम बंद असतात. काकांनी मला वहीतली पानं उलटायला लावली. ताणाच्या महिन्यात विहीर हळूहळू वर चढलेली. संक्रांतीनंतर ताण तोडला, म्हणजे झाडांना पाणी सोडलं, की चार दिवसांत खाली. दोन्ही वर्षी तेच.

"बाई," ते म्हणाले, "सगळे एकाच टायमाले मोटर चालू करतात. मंग कोनती चाबी सैल हाय ते कसं समजन?"

त्यांचं म्हणणं साधं होतं. यंदा ताण सगळ्यांनी एकदम तोडायचा नाही. एकेकाने दोन दोन दिवसांच्या फरकाने मोटर सुरू करायची आणि प्रत्येकाच्या वेळी विहीर पाहायची. जो बोअर विहिरीचं पाणी ओढतो तो आपोआप कळेल. ऐकायला सोपं, पण ज्याचा नंबर शेवटी येईल त्याच्या झाडांना पंधरा दिवस जास्त ताण. ताण कमी झाला तर फूल येत नाही, जास्त झाला तर पानगळ होऊन झाड बसतं. वर्षाचं पीक त्या पंधरा दिवसांत. बैठकीत आरडाओरडा झाला. शेवटी मामाजी उभे राहिले आणि म्हणाले की मी तयार आहे, चिठ्ठ्या टाका. अध्यक्षच तयार झाल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येईना. मामाजींना खात्री होती की आपला बोअर जुना, आजवर त्याच्यावर कोणी बोट ठेवलं नाही. पहिली चिठ्ठी प्रल्हादची निघाली. आमची शेवटून दुसरी.

पहिली मोटर सुरू व्हायला आठ दिवस होते आणि ते आठ दिवस गावाने श्वास धरला होता. लोक सकाळी उठून आधी दुसऱ्याच्या बगीच्याकडे पाहायचे, मग स्वतःच्या. मामाजी जेवताना बोलेनासे झाले. आमच्या बगीच्याच्या वरच्या अंगाला जमीन मुरमाड आहे, तिथली झाडं आधी सुकतात. ते रोज त्या चार ओळींत जाऊन पानं चुरगाळून पाहायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून उभे होते. मला पाहून हात काढला.

प्रल्हादची मोटर शुक्रवारी सकाळी आठला सुरू व्हायची होती. गुरुवारी शाळा सुटल्यावर मी नेहमीच्या वाटेने विहिरीकडे निघाले. एक बटा सहाजवळ आले आणि स्कूटी आपोआप हळू झाली. आमच्या बगीच्यात, वरच्या चार ओळींत, बगळे उतरले होते. दहा-बारा असतील. महिनाभर गावात एक बगळा दिसला नव्हता. बगळे कोरड्या मातीत उतरत नाहीत, आळ्यांत पाणी शिरून किडे वर आले तरच येतात.

मी तशीच पुढे गेले. विहिरीवर काका दोरी घेऊन बसले होते. साडेचारला त्यांनी बोल्ट सोडला आणि गाठ सांगितली. पाणी सकाळपेक्षा दोन बोटं खाली होतं. त्यांनी पुन्हा सोडला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. मी वेळ आणि गाठ वहीत लिहिली. उद्या मोटर सुरू होणार आणि पाणी आजच खाली कसं, एवढंच ते म्हणाले, आणि ते मला म्हणाले नाहीत, विहिरीला म्हणाले.

घरी मी मामाजींना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. वरची झाडं पानं गाळून राहिली होती, पाहवलं नाही, दुपारी थोडा वेळ सोडलं, असं ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू सांगशीन काय?" मी उठून चुलीपाशी गेले. भाकऱ्या टाकल्या. त्या दिवशी माझ्या सगळ्या भाकऱ्या करपल्या आणि सगळ्यांनी त्या तशाच खाल्ल्या.

शुक्रवारी मी शाळेत रजा टाकली. आठला प्रल्हादची मोटर सुरू झाली. पाणी जे कालपासून उतरत होतं ते उतरतच राहिलं, आणि अकराच्या सुमाराला एक बटा दोनला नाल्याची धार तुटली. तिथे चार-पाच जण मुद्दाम पाहतच बसले होते. ते धावत गावात गेले. आता लोक येणार हे मला दिसत होतं. मी काकांना म्हटलं, की कालची साडेचारची नोंद धरू नका, ती माझी चुकली आहे. गाठ मी चुकीची लिहिली असेल.

त्यांनी दोरी गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"बाई, तुमच्या हातून चूक होत नाही. होत असती त मी वही तुमाले देली नसती." मग दोरीची शेवटची वेटोळी घालत म्हणाले, "काल बगळे कुठी बसले होते, थे मी इचारत नाही."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. आदल्या दिवसापासून. ते वस्तीतले, प्रल्हाद वस्तीतला. ते बोलले असते तर लोक म्हणाले असते, आपल्या माणसाला वाचवायला अध्यक्षाचं नाव घेतो. बोलायचं तर मलाच होतं. मी त्या क्षणी त्यांचा रागराग केला, हे लपवत नाही. सासरी मला राहायचं होतं, त्यांना नाही.

तेवढ्यात लोक आले. चाळीसेक असतील. कोणाच्या हातात कुऱ्हाड नव्हती, पण एकाच्या हातात केबल कापायची कात्री होती आणि ती पुरेशी होती. प्रल्हादच्या मोटरची केबल तोडून स्टार्टर उचलून आणायचा, असं गावात ठरवूनच निघाले होते. घोळक्याच्या मागे मामाजी होते. त्यांना कोणीतरी 'अध्यक्ष, चला' म्हटलं होतं आणि ते आले होते. मान खाली होती.

काका उठले. पिशवीतून लाल झेंडी काढली, रपट्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, झेंडी आडवी धरली आणि शिट्टी फुंकली.

आणि लोक थांबले. हे मी कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण ते थांबले, कोरड्या रपट्यावर. इतकी वर्षं त्या जागी ती झेंडी पाहून थांबायची पायांना सवय झाली होती. पुढचे थांबले म्हणून मागचे थांबले. एक जण खाली पाण्याकडे पाहू लागला, जे तिथे नव्हतंच. पण थांबलेले लोक किती वेळ थांबतात? कात्रीवाला म्हणाला, "बाजूले व्हा काका. पूर आला काय आता?"

"शक आला," काका म्हणाले. "बाईले वही वाचू द्या. मंग जा कुठी जाचं तिकडं."

मी विहिरीच्या काठावर उभी होते, वही छातीशी. वाचायला सुरुवात केली तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. बुधवार सकाळ, बुधवार संध्याकाळ, गुरुवार सकाळ, पाणी खिळ्याला टेकलेलं. गुरुवार साडेचार, खिळ्याखाली दोन बोटं. मी तिथे थांबले. ज्याला कळायचं त्याला कळलं होतं की गुरुवारी प्रल्हादची मोटर बंद होती. एक जण म्हणाला, तुमचं लिहिणं चुकलं असेल. ती वाट उघडी होती. मी थोड्या वेळापूर्वी स्वतःच ती काढली होती. काका माझ्याकडे पाहत नव्हते, ते झेंडी धरून लोकांकडे पाहत होते, आणि म्हाताऱ्याचा हात आता दुखत असणार असं काहीतरी माझ्या मनात आलं.

"चुकलं नाही," मी म्हणाले. "तीनदा मोजलं."

"मंग कोनाची मोटर चालू होती?"

"आमची."

मामाजींनी मान वर केली, माझ्याकडे एकदा पाहिलं, वळले आणि घराच्या दिशेने चालू लागले. एवढ्या लोकांत एकटे. त्यांची पाठ मला आजही दिसते. मला रडू आलं आणि मी ते तिथेच सगळ्यांसमोर रडून घेतलं. काकांनी लाल झेंडी गुंडाळली, कात्रीवाल्याच्या हातातली कात्री स्वतःच्या पिशवीत टाकली आणि प्रल्हादला मोटर बंद करायचा निरोप पाठवला. मोजणी बिघडली होती, ती पहिल्यापासून करायची होती.

पहिल्यापासून केली. पाणी पुन्हा खिळ्याला लागायची वाट पाहिली, पुन्हा चिठ्ठीच्या नंबराने एकेक मोटर. प्रल्हादच्या बोअरने विहीर हललीसुद्धा नाही. आणखी दोघांनी थोडी हलवली. आमच्या बोअरने दुपारपर्यंत खाली नेली. आमच्या बोअरला जमिनीच्या पोटातून नाल्याचीच झीर, म्हणजे पाझर, लागली असणार, असं काकांनी मला समजावलं, आणि त्यात कोणाचा गुन्हा नसतो हेही सांगितलं, दोनदा. मग समितीने ठरवलं की आमची मोटर पाणी खिळ्याला लागलेलं असेल तरच सुरू व्हायची, मग ताण असो की उन्हाळा. मामाजींनी त्या कागदावर सही केली. अध्यक्षपद सोडलं. वरच्या चार ओळींना त्या वर्षी बहार आला नाही. वस्तीच्या विहिरीला चैत्रातही पाणी होतं आणि माझे बाक भरलेले होते, आणि या दोन्ही गोष्टी मी एकाच घरात राहून पाहत होते.

मामाजी होळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर बसलेली असताना सासूला म्हणत, "विचारा, चहा झाला काय." नंतर बोलू लागले, कामापुरतं. विहिरीकडे मात्र त्यांनी पाऊल टाकलं नाही.

काकांनी त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही. मीच एकदा काढला. म्हटलं, मी वाचलं नसतं तर? ते म्हणाले की झेंडी दाखवणं त्यांच्याकडे होतं, गाडी थांबते की नाही ते ड्रायव्हर पाहील.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. घड्याळाचा सेकंदकाटा दिसेना म्हणून त्यांनी एक दिवस पिशवी माझ्या हातात दिली: दोरी, बोल्ट, हातोडा, खिळ्याची पावती, दोन झेंड्या. लाल झेंडी उन्हात वाळवायची नाही, रंग उतरतो, एवढी सूचना केली. मुलगी त्यांना आमल्याला घेऊन गेली. ऑपरेशन चांगलं झालं, पण पौषात साध्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. मी आमल्याला गेले नाही. तेव्हा ताणाचा शेवटचा आठवडा होता आणि दोन वेळची मोजणी होती. मी गेले असते तर तेच रागावले असते, अशी मी मनाची समजूत घातली.

यंदा पाऊस कमी होता, विहीर चढता चढत नव्हती. बाकी सगळ्यांचे ताण तुटले, आमचाच राहिला. आमच्या बगीच्याच्या कोपऱ्यातून विहीर सरळ दिसते. मामाजी सकाळपासून तिथे स्टार्टरच्या पेटीशी उभे होते. वरच्या चार ओळींची पानं गळायला लागली होती. ती जमिनीवर पडलेली मी येताना पाहिली होती. मी बोल्ट सोडला. खिळ्याखाली एक बोट. पुन्हा सोडला, या वेळी टेकल्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा पुन्हा एक बोट, किंवा अर्धं. दोरी थोडी ओली होती. अर्ध्या बोटाने काय होतं, असं मला म्हणता आलं असतं. समोर माझ्या घरचं वर्षाचं पीक उभं होतं आणि मामाजी हात पेटीवर ठेवून माझ्याकडे पाहत होते. मला कोणी विचारणारही नव्हतं.

मी पिशवीत हात घातला आणि लाल काढली. हात लांब करून धरली.

मामाजींनी एकदा वरच्या चार ओळींकडे पाहिलं. मग त्यांनी पेटीवरचा हात काढला, झाकण लावलं आणि बगीच्यातून बाहेर आले. काठाकाठाने एक बटा सहा, एक बटा चार करत रपट्यापर्यंत आले. मला वाटलं, आता बोलतील, जे इतक्या दिवसांचं राहिलंय ते सगळं. रपट्याशी ते थांबले. कोरड्या नाल्यात त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग ओलांडून विहिरीपाशी आले आणि माझ्या हातातली दोरी स्वतःच्या हातात घेतली.

"उद्या किती वाजता पाहाचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सातला.

"मी येतो," ते म्हणाले, आणि दोरी गुंडाळू लागले.